गांधीलमाशीचं मूळ गाव कोणतं?

पाणकोंबडी
आमच्या सोसायटीत सध्या एका ग्रिलवरून दोन तट पडलेत. तिसऱ्या मजल्यावर, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, ग्रिल आणि भिंत यांच्या सांध्यात गांधीलमाश्यांचं पोळं आहे. तळहाताएवढं, राखाडी, भिजून वाळलेल्या वर्तमानपत्रासारखं. खाली वॉचमनकाका रॉकेलचा बोळा बांधून तयार आणि वर मी "महिनाभर थांबा" म्हणून अडून बसलेली. चेअरमननी माझ्याकडे लेखी कारण मागितलं. ते लिहायला बसले आणि अर्जाऐवजी हा धागा झाला.

ही माशी म्हणजे रोपालिडिया मार्जिनाटा. तांबूस-तपकिरी अंग, पोटावर पिवळी कड. वाळकं लाकूड, कुंपणाचा खांब, जुनं दार असं काहीही खरवडून ती तंतू काढते, लाळेत मळते आणि त्याचे पातळ पापुद्रे थापत सहाकोनी खण बांधते. म्हणून या सगळ्या गोतावळ्याला कागदी गांधील म्हणतात. पोळ्यावर मेण नाही, मध नाही. खणात अळ्या असतात आणि त्यांना चावून बारीक केलेल्या सुरवंटांचा खिमा भरवला जातो. माझ्या कढीपत्त्यावरची अळी या वर्षी दिसली नाही, ती कुठे गेली ते आता कळलं.

यांचा नकाशा बघितला तर गंमत आहे. कागदी गांधिलांच्या नऊशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य उष्ण कटिबंधात राहतात. पोलिस्टेस ही एकच प्रजात (म्हणजे जवळच्या जातींचा गट) खऱ्या अर्थाने जगभर पसरलेली: दोनशेवर जाती, अंटार्क्टिका सोडून सगळे खंड. बाकीच्यांनी आपापला मुलुख वाटून घेतलाय. आपल्या रोपालिडियाचं बिऱ्हाड आफ्रिका, मादागास्कर, भारत, आग्नेय आशिया, न्यू गिनी, उत्तर ऑस्ट्रेलिया एवढ्यात. अमेरिकेत एकही नाही. उलट मिस्कोसिटारसच्या अडीचशेच्या आसपास जाती फक्त अमेरिकेत, तेही मुख्यतः दक्षिणेत. थवा करून घर बदलणाऱ्या एपिपोनिनी या टोळीच्या वीसेक प्रजाती, त्याही फक्त तिकडच्याच. आणि पोलिबिऑइडिस नावाची एक विचित्र प्रजात आफ्रिकेच्या वर्षावनात आहे, मग एकदम आग्नेय आशियात आहे, आणि मधल्या आपल्या द्वीपकल्पात नाही!

तर प्रश्न असा: ही मंडळी निघाली कुठून? जाणकारांनी भर घालावी. चेअरमननाही लिंक पाठवणार आहे.

बोरकूट
जाणकार नाही, पण लहानपणी सात वेळा चावून घेतलंय, तेवढा अधिकार चालेल का? चावलं की आजी त्या जागी लोखंडी उलथनं घासायची. दुखायचं तेवढंच, पण लक्ष उलथन्याकडे जायचं.

आजीची_गोधडी
+१ उलथनं. आमच्याकडे चुना.

एक शंका. आमच्या गावच्या घरात तुळईला मातीचे गाडगे चिकटवणारी कुंभारीण असते. ती आणि ही एकच का? तीही काळी-पिवळी, कंबर सुतासारखी.

पाणकोंबडी
@आजीची_गोधडी, प्रश्न एकदम वर्मी लागलाय. आपण कुंभारीण म्हणतो त्यात दोन वेगळ्या माश्या मिसळल्यात. कोळी कोंबून मातीच्या नळ्या लिंपणारी वेगळ्या कुळातली. पण छोटं, गोल, तोंडाला काठ असलेलं मडकं करून त्यात सुरवंट भरणारी जी आहे, ती गांधिलीची सख्खी भाऊबंद, एकाच कुळातली. ती एकटी राहते. घर बांधते, शिकार भरते, अंडं घालते, दार लिंपते आणि निघून जाते. बहुतेकींना स्वतःची पोरं कधी दिसतही नाहीत.

या एकट्या मडकेवालीच्या घराण्यातून एकत्र कुटुंब कसं उभं राहिलं, हा सगळा खेळ आहे. पूर्वी समजूत होती की ते एकदाच घडलं. न्यू यॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या जेम्स कार्पेंटर यांनी १९८० च्या दशकात शरीररचनेवरून वंशवृक्ष मांडला, त्यात सगळ्या सामाजिक गांधिली एका फांदीवर होत्या. २००७ मध्ये हेदर हाइन्स आणि सहकाऱ्यांनी जनुकं वापरून वृक्ष पुन्हा काढला तर एक फांदी तुटून बाजूला पडली. हवेत तरंगत उभ्या राहणाऱ्या बारीक गांधिली असतात, दक्षिण भारतापासून न्यू गिनीपर्यंतच्या ओल्या जंगलांत. त्यांनी एकत्र राहणं स्वतंत्रपणे शोधलं असं दिसलं. २०१८ मध्ये बऱ्याच जास्त जनुकांवर केलेल्या अभ्यासातूनही तेच निघालं. म्हणजे एकाच कुळात संसार दोनदा मांडला गेला.

ह्यूस्टनचा_बंड्या
इथे टेक्सासमध्ये पोर्चच्या छताला दर उन्हाळ्यात लाल गांधिली असतात, चांगल्या बोटाच्या पेराएवढ्या. शेजारी म्हणतो या सगळ्या युरोपातून जहाजांवरून आल्या. खरं का? आणि इथून खाली, मेक्सिकोच्या सीमेलगत, मध करणारी गांधील असते असं ऐकलंय. मला थाप वाटली होती.

पाणकोंबडी
थाप नाही. ब्रॅकिगास्ट्रा मेलिफिका. दक्षिण टेक्सासपासून पनामापर्यंत, कागदाच्या आवरणाचं मोठं पोळं, आत हजारो माश्या आणि खरोखरचा मध. मेक्सिकोत लोक तो काढून खातात. वर मी "मध नाही" लिहिलं ते आपल्या ग्रिलवालीपुरतं धरा.

शेजाऱ्याचं मात्र चुकलंय. युरोपची जी आली ती एक जात, पोलिस्टेस डोमिन्युला, १९७० च्या दशकाच्या अखेरीस बॉस्टनच्या आसपास पहिल्यांदा लक्षात आली आणि आता दोन्ही किनाऱ्यांवर आहे. तुझ्या पोर्चवरच्या लाल माश्या अस्सल अमेरिकन. पण 'अस्सल' म्हणजे कुठून, हे पुढे येईलच.

अवांतर: लिनियसने १७५८ मध्ये एका गांधिलीला कॅनडाचं नाव देऊन टाकलं, पोलिस्टेस कॅनाडेन्सिस. ती राहते मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उकाड्यात. कॅनडाशी तिचा संबंध फक्त कागदोपत्री.

काळाकातळ
पेशाने खडकवाला आहे, त्यामुळे नकाशा बघून हात शिवशिवले. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, ऑस्ट्रेलिया ही यादी वाचली की कुणालाही गोंडवन आठवेल. एके काळी एकच भूभाग. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका साधारण १० कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. भारत मादागास्करपासून सुटला साधारण ८ ते ९ कोटी वर्षांपूर्वी, वाटेत ६.६ कोटींच्या सुमारास दख्खनचा लाव्हा ओतला गेला, आणि मग आशियाला धडक. गांधिली आधीच सगळीकडे होत्या आणि खंडांनी त्यांना वाहून नेलं, एवढं सोपं उत्तर आहे की. एपिपोनिनी दक्षिण अमेरिकेत अडकल्या, रोपालिडिया इकडच्या तुकड्यांवर.

सह्याद्रीचा कातळ आणि गांधील एकाच होडीतून आले ही कल्पना मला तरी आवडते.

पाणकोंबडी
आवडण्यासारखीच आहे, आणि तुम्ही एकटे नाही. कार्पेंटर यांचं मतही बराच काळ गोंडवनाच्या बाजूचं होतं. समोरचा पक्ष जुना आहे. याकोबुस फान डेर वेख्त हे डच कीटकतज्ज्ञ जावात काम करून गेले, आशिया-ऑस्ट्रेलियाकडच्या रोपालिडियांची वर्गवारी त्यांनी लावली. त्यांचा कल आग्नेय आशियाकडे. एक साधं निरीक्षण त्यांच्या बाजूने आहे: तरंगणाऱ्या गांधिली मुख्यतः तिथल्या, मोठ्या भोवर गांधिलींच्या सर्वाधिक जाती तिथल्या, कागदी गांधिलीही तिथे भरपूर. सगळ्या शाखा जिथे भेटतात ते आजोळ.

(माझं मत विचाराल तर 'जिथे जास्त जाती तिथे मूळ' हा नियम फार भरवशाचा नाही. आडनावं जिथे जास्त तिथेच घराणं सुरू झालं असं कुठे असतं?)

पोलिस्टेसपुरता २०१५ मध्ये मोठा अभ्यास झाला. सहा जनुकं, शिवाय शरीररचना आणि वागणूक. त्यात मूळ प्रदेश नेमका कोणता ते ठरवता आलं नाही, पण तीन गोष्टी स्वच्छ निघाल्या. अमेरिकेत या आल्या त्या आशियाकडून. तिथे गेल्यावर सगळ्या अमेरिकन जातींची मूळ भूमी ठरते दक्षिण अमेरिका, आणि उत्तर अमेरिकेतले गट त्या दक्षिणी साठ्यातून वेगवेगळ्या वेळी वर सरकलेले. म्हणजे बंड्या, तुझ्या लाल माशीचे पूर्वज आशियातून दक्षिण अमेरिकेत आणि तिथून टेक्सासात. आणि तिसरं, पोलिस्टेस ही प्रजात उष्ण कटिबंधातच जन्माला आली.

गोंडवनाच्या होडीतून आल्या असत्या तर अमेरिकेतल्या पोलिस्टेस आफ्रिकेतल्यांना जवळच्या निघायला हव्या होत्या. तसं दिसत नाही.

काळाकातळ
हम्म. पण हे पोलिस्टेसचं झालं. एपिपोनिनीचं काय?

पाणकोंबडी
तिथे तुमची होडी अजून बुडालेली नाही, मान्य. टोळ्याटोळ्यांमधली नाती आणि त्यांचं वय यावरचं भांडण चालू आहे. अडचण अशी की पुरावा फार विरळ. कोलोरॅडोत फ्लोरिसंट इथे सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वीच्या तळ्याच्या गाळात सामाजिक गांधिलींचे सुंदर ठसे मिळालेत, पंखांच्या शिरांसकट. पण कागदाचं पोळं दगडात टिकणार कसं? पहिल्या पावसात त्याचा लगदा.

काळाकातळ
टिकलं तरी आम्ही ते स्पंज समजून फेकून देऊ. :)

शून्यसंख्या
इतका वेळ वाचनमात्र होतो. 'उष्ण कटिबंधात जन्मली' हे एका ओळीत सांगून पुढे गेलात, त्यावर थांबायला हवं होतं. युरोप-अमेरिकेतलं पुस्तकी चित्र असं असतं: हिवाळ्यात सगळं पोळं मरतं, फक्त फळलेल्या माद्या सालीखाली, फटीत गारठून राहतात, वसंतात एकेक मादी नवं घर मांडते. एकच राणी दीर्घकाळ का, याचं उत्तर काही जण त्या हिवाळ्यात शोधायचे. प्रजात उष्ण भागात घडली असेल तर ते उत्तर गेलं.

पाणकोंबडी
अगदी. हाच मुद्दा मला चेअरमनना सांगायचा होता, पण 'सोसायटीच्या नियमावलीशी संबंध काय' म्हणाले असते.

आपल्या ग्रिलवालीला हिवाळा नाही. तिचं पोळं वर्षभर, कुठल्याही महिन्यात सुरू होतं, कुठल्याही महिन्यात मोडतं. ऋतू येऊन पाटी कोरी करत नाही. म्हणून राणी म्हातारी होते, मरते, दुसरी बसते, घर चालू राहतं. एकेका राणीची कारकीर्द कधी आठवड्याची, कधी सात-आठ महिन्यांची. हे थंड देशातल्या पोळ्यावर बघायलाच मिळत नाही.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी चार दशकांहून जास्त काळ या एका माशीचा माग काढला. प्रत्येक माशीच्या पाठीवर रंगाचे ठिपके, आणि तासन्‌तास नोंदी. १९८३ मध्ये त्यांनी आणि एन. व्ही. जोशींनी मांडलं की पोळ्यावर तीन स्वभावांच्या माद्या दिसतात: बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेरून आणणाऱ्या. मग राणी कुठली? तर बसणाऱ्यांतली! युरोपातल्या पोलिस्टेसवर इटालियन प्राणिशास्त्रज्ञ लिओ पार्दी यांनी १९४० च्या दशकात दाखवलं होतं की राणी सगळ्यांवर दादागिरी करते, त्यावरून जगाने राणीचं ते रूप पक्कं केलेलं. इथली राणी मात्र बापडी एका कोपऱ्यात.

तिला उचलून बाजूला करा. काही मिनिटांत एक कामकरी माशी खवळते, दिसेल तिला चावत सुटते. हीच पुढची राणी. आठवड्याभरात अंडी घालायला लागते आणि तीही मऊ होऊन जाते. आधीची राणी परत ठेवली तर खवळलेली पुन्हा निमूट कामाला. राणीचा धाक वासात असतो, डंखाजवळच्या ड्यूफोर नावाच्या ग्रंथीतला स्राव ती पोळ्यावर घासत राहते.

बोरकूट
म्हणजे आमच्या ऑफिसात साहेब रजेवर गेले की जे होतं तेच.

आजीची_गोधडी
पुढची कोण हे आधी ठरलेलं असतं का? की जी आधी खवळेल ती?

पाणकोंबडी
आपल्याला ओळखता येत नाही, त्यांना बहुतेक माहीत असतं. २००८ मध्ये यावर गोड प्रयोग झाला. पोळं मधोमध कापायचं, मध्ये जाळी. राणी एका बाजूला. बिनराणीच्या बाजूला एक जण खवळते. मग राणीची बाजू बदलायची. आता जी बाजू पोरकी झाली तिथे ती पहिली खवळलेली आणून सोडली, तर काही पोळ्यांत सगळ्यांनी तिला मुकाट मानलं, कुणी भांडलं नाही. जिथे ती खरी वारस नव्हती, तिथे पलीकडची दुसरीच पुढे आली आणि हिने माघार घेतली. पुढे २०१२ मध्ये राण्या आणि वारसदार एकामागोमाग काढून पाहिलं, तर मागे अख्खी रांग निघाली, बिनभांडणाची. वय जास्त तिचा नंबर साधारण आधी, पण दरवेळी नाही.

शून्यसंख्या
आता माझा आवडता भाग. उत्क्रांतीवाले विल्यम हॅमिल्टन यांचं १९६४ चं गणित सगळे पाठ म्हणतात: नर बिनबापाचे, न फळलेल्या अंड्यातले, त्यामुळे आपली सगळी जनुकं प्रत्येक लेकीला देतात, म्हणून सख्ख्या बहिणींचं नातं तीन चतुर्थांश, स्वतःच्या लेकीपेक्षाही जवळचं, म्हणून बहिणी वाढवा. कागदावर झकास. पण या माशीत राण्या बदलत राहतात, आणि एकेक राणी एकाहून जास्त नरांशी जुळते. मग एकाच पोळ्यावर बहिणी, सावत्र बहिणी, मावश्या, मावसबहिणी. सरासरी नातं तीन चतुर्थांशाच्या बरंच खाली घसरतं. तरी त्या राबतात. का?

पाणकोंबडी
गदगकरांचं १९९० चं उत्तर मला पटतं. अंड्यापासून पूर्ण माशी व्हायला साधारण दोन महिने. कामकरी मादीचं सरासरी आयुष्य जेमतेम महिना. आता एकटीने घर मांडलं तर पिल्लू हाती लागायच्या आत ती मरण्याची शक्यताच जास्त, आणि मग सगळी मेहनत मुंग्यांच्या तोंडी. भरल्या घरात पंधरा दिवस राबून मेली तरी तिने भरवलेली अळी दुसरी कुणी पुढे भरवते. थोडं, पण वाया न जाणारं.

आणि त्या काही जन्मजात मोलकरणी नसतात. कोषातून नुकत्या निघालेल्या माद्या एकेकट्या डबीत ठेवून खायला घातलं तर जवळपास निम्म्या अंडी घालतात.

शून्यसंख्या
तोच १९८८ चा शोधनिबंध ना? त्यात पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले अनिल गोरे सहलेखक आहेत. चेअरमनना सांगा, पोळ्याला पुण्याचा वशिला आहे.

ह्यूस्टनचा_बंड्या
मुंग्यांचा उल्लेख झाला म्हणून विचारतो. इथल्या पोर्चवरच्या पोळ्याला आवरण नाही, उघडे खण. पण दक्षिण अमेरिकेतल्या फोटोंत मोठमोठे बंद कंदील दिसतात. हा फरक कशाने?

पाणकोंबडी
बऱ्याच अंशी मुंग्यांनीच. रॉबर्ट जीन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास सोपा आणि जबरदस्त आहे. न्यू हॅम्पशायरपासून ब्राझीलपर्यंत ठिकठिकाणी गांधिलीच्या अळ्या आमिष म्हणून मांडल्या आणि मुंग्या किती लवकर येतात ते मोजलं. विषुववृत्ताकडे जावं तसा मुंग्यांचा हल्ला वाढत जातो. उघडं पोळं एका देठावर टांगायचं आणि त्या देठाला मुंग्यांना नकोसा स्राव फासायचा, हा गरिबाचा उपाय. आमच्या ग्रिलवर मादी पोट घासताना दिसते. जंगलात एवढ्याने भागत नाही, मग बंद आवरण, एकच दार, दारावर पहारा. एकटी मादी हे पेलू शकत नाही, म्हणून शेकडो जणी राण्यांसकट थव्याने निघून नवं घर बांधतात.

मजा म्हणजे ही पद्धत वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे आली. अमेरिकेत एपिपोनिनी. इकडे पोलिबिऑइडिस, आणि रोपालिडियाच्याही काही जाती. आपल्याच पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात रोपालिडिया मोंटाना आहे, झाडावर मोठं बंद पोळं आणि आत हजारो माश्या. आमच्या ग्रिलवालीची चुलतबहीण. कळस म्हणजे ब्राझीलची अजेलाया विसिना, एका पोळ्यात दहा लाखांवर गांधिली. वॉचमनकाकांना हे सांगितलं नाही.

आजीची_गोधडी
दहा लाख! उलथनं वितळेल.

पाणकोंबडी
अपडेट. परवा सकाळी चहा गाळत होते तर ग्रिलवर मोठा घरघराट. काळी, जाडजूड भोवर गांधील, पोटावर एकच रुंद पिवळा पट्टा. वेस्पा ट्रॉपिका. हिचं कामच हे, कागदी गांधिलींची पोळी लुटणं. आमच्या तीसेक माश्या डंख असूनही काही करू शकल्या नाहीत, सगळ्या उडून भिंतीवर जाऊन बसल्या. ती एकटी एकेक खण फाडून अळ्या ओढून नेत होती, फेऱ्यांवर फेऱ्या, दुपारपर्यंत. मी लाटणं घेऊन उभी राहिले आणि नुसती बघत बसले. मध्ये पडायचं तर कुणाच्या बाजूने?

संध्याकाळी वॉचमनकाका वर बघून म्हणाले, "झालं का तुमचं? रॉकेल वाचलं."

बोरकूट
अरेरे. धागा बंद?

पाणकोंबडी
नाही. फाटकं पोळं तसंच लोंबतंय, पण आज त्याच्यापासून वीतभर अंतरावर, ग्रिलच्या वरच्या कोपऱ्यात नवा देठ आहे. त्याला दोन खण, तिसऱ्याचा काठ ओला. सात माश्या मोजल्या. त्यातली एक काही न करता बसून आहे, पण ती राणी की नुसती आळशी ते ठिपके लावल्याशिवाय सांगता येणार नाही. नेलपॉलिश चालतं का, कुणी लावून पाहिलंय?

आणि सोसायटीची नोटीस लागलीय, २० तारखेपासून ग्रिल रंगवायला घेणार आहेत.